वरच्या टाक्यातले स्नान

८ एप्रिल १९६३, सोमवार

प्रवासलेखासाठी जायचे होते समुद्रकाठच्या एखाद्या शांत गावी. संपादक म्हणाले, "हर्णै परवाच एकाने लिहून टाकले. तुम्ही मावळात जा. शांतताच हवी ना? कुठलीही चालेल." लोणावळ्यात चिक्कीवाल्यांनी हाका मारून मारून जीव नकोसा केला. म्हणून मागे फिरून कामशेतला उतरलो आणि बेडशाच्या डोंगराखालची वाडी गाठली. संपादकांच्या छापखान्यातल्या हौशीरामची आई सरुबाई — तिच्या पडवीत मुक्काम.

९ एप्रिल

पहाटे डोंगर चढलो. कातळात कोरलेली दोन टाकी. वरचे नितळ, खालचे गढूळ. अर्थातच वरच्यात उतरलो! चंदनी साबण, सातही नद्यांचे स्मरण, गळ्याइतक्या पाण्यात यथासांग स्नान. परतताना शेजारची रतनबाई भेटली, डोक्यावर रिकामा हंडा. माझे ओले धोतर पाहून जागीच थिजली. अजून भक्तिभाव शिल्लक आहे तर.

१० एप्रिल

काय शांतता! मी दिसलो की पारावरची माणसे बोलायचीच थांबतात.

१२ एप्रिल

लेख टपालात टाकला. बरा उतरला आहे. 'उषःकाली मस्तकी कलश घेऊन दूर नदीकडे निघालेल्या या ग्रामकन्या...' नदी चांगली दीड मैल. सरुबाई साठीची आहे, पण 'ग्रामवृद्धा' म्हटले की वाक्य लंगडते. टाक्यातल्या स्नानावर स्वतंत्र परिच्छेद — वाचकांना आग्रहाच्या निमंत्रणासह.

१४ एप्रिल

लोकांचा लोभ विलक्षण. जो तो विचारतो, "गुर्जी, कवा जानार?" सरुबाईने तर दोनदा विचारले. विरह आत्तापासूनच! मग मुक्काम आठवड्याने वाढवला. सांगितले तेव्हा भाकरी थापता थापता तिचा हात थांबला. "ऱ्हावा की. घर तुमचंच हाये." गहिवरली असावी.

१६ एप्रिल

सरुबाई नदीवरून येताना घसरली. गुडघा टम्म सुजला, हंडा चेपला. मी म्हटले, "अहो, इतक्या लांब कशाला जाता? इथे टाके असताना—"

रतनबाई कडाडली. "सांग की गं मावशे! का मी सांगू? गुर्जी, वरलं टाकं आमचं प्यायाचं! तुमी त्यात साबन लावून डुंबलात!"

"गप, रतने."

"गप काय? उपसून धुतलं असतं एका दिसात. पर ही म्हनती, पावनं हायेत तवर हात लावायचा न्हाई, त्यास्नी लाज वाटंल. आन् पावनं हलाया तयार न्हाईत!"

बावीस वर्षे वर्गात शुचिर्भूतपणा शिकवला. आठवडाभर मी प्यालो ते पाणी सरुबाईच्या डोक्यावरून आले होते. कुठून, हे एकदाही विचारले नाही.

१७ एप्रिल

उजाडताच बादली घेऊन वर गेलो. मागोमाग सारी वाडी आली. दुपारपर्यंत टाके उपसले, राखेने घासले. माझ्या धोतराकडे पाहून रतनबाई एकदा हसली — तेवढेच. पाझर बारीक आहे. भरायला आठ दिवस लागतील. तोवर नदीच. आज दोन खेपा मी केल्या. कलश मस्तकावर राहत नाही, हे लेखात यायला हवे होते.

१९ एप्रिल

संपादकांचे कार्ड. 'लेख गाजला. चाळीस वाचक रविवारी सहलीला येत आहेत. पंचे, साबण घेऊन. स्नानाची व्यवस्था पाहावी.'

सरुबाईला वाचून दाखवले. गुडघ्याला लेप लावत होती. वर न पाहता म्हणाली, "आत्ता कुटं ईतभर आलंय, गुर्जी."

२१ एप्रिल, रविवार

सगळ्यांना खालीच, वाटेवर गाठले. टाके जळवांनी भरले आहे, मला स्वतःला सात चिकटल्या, असे सांगितले. मुंजीनंतरचे पहिले धडधडीत खोटे — तेही सोवळे नेसून! चाळीसही जण लोणावळ्याला चिक्की खायला गेले.

आज सरुबाईने 'कवा जानार' विचारले नाही.