एनेबिशचं दुसरं नाव

११ नोव्हेंबर

चौथा दिवस. एका कॉटवर दोन मुलं. आमचा एनेबिश उशाशी, दुसरा कुणाचा तरी पायथ्याशी. मला स्टूल मिळालंय म्हणजे मी नशीबवान, बाकीच्या आया भिंतीला टेकून उभ्या आहेत. उलानबातरमधली सगळी पोरं याच एका मजल्यावर आणून टाकलीत की काय! दर हिवाळ्यात हेच. चुली पेटल्या की आठवड्याभरात इथे जागा उरत नाही.

पाच वर्षांचा झालाय आणि हा तिसरा न्यूमोनिया. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "साध्या औषधाला दाद देत नाहीये. जोरकस इंजेक्शन सुरू करावं लागेल. चौदा दिवस, सकाळ-संध्याकाळ." मी म्हटलं, करा. त्या विचारत नव्हत्याच, तरी म्हटलं.

सुई टोचताना रडत नाही. माझ्याकडे बघत राहतो, आणि ते मला बघवत नाही.

१४ नोव्हेंबर

ताप उतरला. मटणाचं सूप मागितलं. अर्धी वाटी प्यायला.

१९ नोव्हेंबर

नवऱ्याचा, ल्हागवाचा फोन. कोरियात दुपारची सुट्टी झाली होती, मागे वेल्डिंगच्या ठिणग्या उडताना दिसत होत्या. आधी पोराला बघितलं.

मग म्हणाला, "साहेबांशी बोललो. कुटुंब आणायला परवानगी मिळतेय. खोली मिळेल. समोर समुद्र आहे, ओयुना. धूर नाही. इथे या दोघं."

दोन वर्षं ज्या वाक्याची वाट पाहिली ते वाक्य आलं, आणि मला पहिलं काय सुचावं? तिथे मला दुकानावरच्या पाट्यासुद्धा वाचता येणार नाहीत. मी म्हटलं, विचार करते. तो म्हणाला, "विचार कसला करतेस? त्याच्याकडे बघ." ते मात्र खरं.

फोन ठेवायच्या आधी हळूच म्हणाला, "पासपोर्ट काढशील तेव्हा आधी त्याचं नाव बदलून घे."

मी ऐकू न आल्यासारखं केलं.

२५ नोव्हेंबर

घरी आणलं. हलका झालाय, कडेवर घेतला तर नुसता कोट घेतल्यासारखा वाटतो. डॉक्टरीणबाईंनी निघताना बजावलं, "फुप्फुसं थकलीत. इथे अजून एक असा हिवाळा नको." मी विचारलं, मग कुठे? त्या दमलेल्या होत्या. म्हणाल्या, "ते मला नका विचारू हो."

बाहेर उणे एकतीस. खिडकीच्या फटींत ओले टॉवेल खोचलेत. संध्याकाळी काढले तेव्हा काळे होते. आणि आपण तरी काय, आपलीही चूल कोळशावरच. शेजाऱ्यांना शिव्या घालायची सोय नाही.

३ डिसेंबर

कोरियन भाषेच्या वर्गाचा पहिला दिवस. जायचं ठरलेलं नाही, शिकायला काय जातंय. अठराजण आहोत. पार्क बाई कोरियाहून आलेल्या, मंगोल बोलतात पण प्रत्येक शब्द परीक्षेला बसल्यासारखा उच्चारतात.

घरच्यांची ओळख करून द्यायची होती. मी पाठ केलेलं म्हटलं, माझा एक मुलगा आहे, त्याचं नाव एनेबिश. बाईंनी हौसेने विचारलं, "छान! अर्थ काय नावाचा?"

मी म्हटलं, "हा नाही."

"कोण नाही?"

"हा. हा नाही."

त्या हसल्या. त्यांना वाटलं माझं काहीतरी चुकतंय. "मग कोण? दुसरा मुलगा आहे का?" वर्गात कुणी हसलं नाही. एकीने खाली वही उघडून काहीतरी लिहायचं नाटक केलं. शेवटी मागचा एक म्हातारा ड्रायव्हर म्हणाला, "बाई, आधीची मुलं गेली की पुढच्याला असं नाव ठेवतात. नेणारा पुन्हा शोधत आला तर त्याला सांगायचं, तू शोधतोयस तो हा नाही."

बाईंचा चेहरा उतरला. माफी मागितली, कोरियनमध्ये. तो शब्द तेवढा पक्का झाला.

पहिला अकरा दिवस जगला. दुसरी पहिल्या हिवाळ्यात गेली. त्यांची नावं मीच शोधली होती, चांगली होती. मी शाळेच्या पुस्तकांची मुद्रितं तपासते, शब्दांत माझा हात धरणारं कुणी नाही असं मला वाटायचं.

९ डिसेंबर

सासूबाईंना सांगितलं. अंगणातल्या त्यांच्या गोल तंबूत, गेरमध्ये, चहात मीठ टाकता टाकता. वाटलं, रडतील. त्या भांडायला उभ्या राहिल्या.

"तिथलं कोण मंगोल बोलतं गं?"

"कुणी नाही, आई. म्हणून तर शिकतेय."

"तुझं राहू दे. तिथे जे भटकत असतील ते कोरियनच असणार ना? त्यांना 'हा नाही' कसं कळायचं? पोराला उघड्यावर नेऊन ठेवतेस तू."

मी म्हटलं, इथे धुराला तरी कुठे मंगोल कळतं. त्यांनी ओगराळं आपटलं. मग पोराची टाळू हुंगत बसल्या, बराच वेळ.

मी हे मानत नाही. शिकलेली बाई आहे. पण घरी आल्यावर भांडी घासताना सासूबाईंचंच डोक्यात. त्यांच्या बाजूने बघितलं तर चूक कुठे आहे त्यांची? सापडेना.

१० डिसेंबर

आणि ल्हागवा म्हणतो तेच नाव काढून टाक! म्हणजे दोघंही एकाच गोष्टीला घाबरलेत, दोन टोकांना उभे राहून.

१६ डिसेंबर

ल्हागवाला विचारलं, नाव का खुपतंय तुला? आधी म्हणाला, इथल्या शाळेत मंगोल पोरं आहेत, पहिल्याच दिवशी ओरडत सुटतील, हा नाही हा नाही. मी म्हटलं, पोरं कुठलीही असतात, खरं सांग.

मग खरं आलं. "मला रोज अर्थ विचारतील. मुकादम विचारील, शेजारी विचारतील. मी काय सांगू? दोन पुरलीत म्हणून? मला त्या दोघांना इथे घेऊन यायचं नाही, ओयुना. मी फक्त याला घेऊन येतोय."

तोंड फिरवलं त्याने. आमच्या लग्नाला नऊ वर्षं झाली, तो हे पहिल्यांदा बोलला. त्याला इतकी वर्षं दगड समजले.

नाव त्याने ठरवूनच ठेवलंय. तोगोल्दोर. ज्याच्यात काही उणं नाही असा. मी म्हटलं, जरा जास्त होतंय. म्हणाला, "होऊ दे की एकदा जास्त."

२४ डिसेंबर

छापखान्यात राजीनाम्याचं बोलले. मुख्य तपासनीस म्हणाले, "तिथे काय करणार तुम्ही?" मासे साफ करीन. वर्गातल्या दोघींच्या बहिणी तेच करतात. तीस वर्षं झाली वाचायला शिकून. आता लोकांच्या ओठांकडे बघून अंदाज बांधायचे. दुकानदार जे देईल ते आणायचं. पोरगा चार महिन्यांत माझ्यापुढे जाईल आणि शाळेत माझी लाज धरेल, हेही दिसतंय.

रडले जरा. मग दुसरीच्या पुस्तकात एकाच पानावर तीन चुका पकडल्या.

८ जानेवारी

सही केली.

नोंदणी कचेरीतली मुलगी विशीतली होती. "नाव बदलायचं कारण?" मी म्हटलं, परदेशी जातोय. तिने जुनं नाव वाचलं, मग माझ्याकडे बघितलं आणि पुढचं काही विचारलं नाही. सही करताना पेन हातात धरून नुसती बसले होते. मागचा माणूस खाकरला तेव्हा केली. समोरून त्याच्या नव्या नावाचा कागद आला, शिक्क्यासकट. एकही चूक नाही, दोनदा तपासला.

घरी येऊन त्याच्यापुढे बसले, दोन्ही हात धरले, सांगितलं: आजपासून तू तोगोल्दोर. त्याने ओठांकडे बघितलं, म्हणून दाखवलं, हसला. इतकंच! मी उगाच दोन महिने झुरले.

१३ जानेवारी

नव्या नावाची सवय लावतेय. जमत नाही. समोर बसून म्हटलं तर मान हलवतो. पाठमोरा असला की ढिम्म. सासूबाई "एनेबिश" म्हणत जवळ घेतात, तोंड तोंडाजवळ नेतात, तेव्हा मात्र खुदकन हसतो. त्या माझ्याकडे बघतात: बघ. मी त्यांना सांगितलं, आई, त्या नावाने हाक मारायची नाही आता. त्या म्हणाल्या, "मी मारते ती हाक त्याला पोचते." लागलं मला ते.

एक बरं झालंय. झोप सुधारली. पूर्वी गल्लीतली कुत्री भुंकली की दचकून उठायचा, आता सकाळपर्यंत हलत नाही.

२१ जानेवारी

बालवाडीच्या बाई म्हणाल्या, "हल्ली फार हट्टी झालाय. चार हाका मारल्या तरी बघत नाही. आणि बोलतो केवढ्याने!" मी नाव बदलल्याचं सांगितलं. त्या म्हणाल्या, हां, मग तेच असेल. मुलांना कळतं सगळं.

मलाही तेच वाटतं. त्याला जायचं नाहीये. नाव घेतलं की कान बंद करून घेतो. बापावर गेलाय. बापानेही नऊ वर्षं तेच केलं.

२९ जानेवारी

व्हिसा आला. दोघांचाही. ल्हागवा फोनवर नुसता हसत होता. वीस फेब्रुवारीचं विमान. सासूबाईंनी विचारलं, "म्हणजे नव्या वर्षाच्या सणाला नसणार?" मी म्हटलं, नाही. त्या उठून कोळसा घालायला गेल्या.

म्हणजे मी जातेय. लिहून बघितलं. अजून खरं वाटत नाही.

४ फेब्रुवारी

त्याला कोरियन शिकवायला बसवलं. आई, बाबा, पाणी, भूक लागली. माझ्यामागून म्हणायचं. माझ्या तोंडाकडे डोळे फाडून बघतो आणि म्हणतो भलतंच. मी वहीत बघून बोलले तर काहीच नाही. वर मलाच ओरडून म्हणतो, "आई, तू तोंडातल्या तोंडात का बोलतेस?"

पाच वर्षांचं पोर आणि हा आगाऊपणा. ठरवून टाकलं: नव्या नावाला ओ दिल्याशिवाय वाळलेलं गोड दही मिळणार नाही. तो डबा मागत राहिला. मी त्याच्या मागे उभी राहून नाव घेत राहिले. तो डब्याकडे बघत राहिला. दोघंही हट्टी. डबा वर ठेवून दिला.

९ फेब्रुवारी

आज हात उगारला गेला. बॅगा भरत होते, सकाळपासून चूल पेटेना, वरून सासूबाईंचं धुसफुसणं. तो दाराशी बूट घालत होता. सहा वेळा हाक मारली, टोपी घाल म्हणून. तसाच निघाला, उणे तिसात. धावत जाऊन वळवला आणि थप्पड दिली. रडला नाही लगेच. मला समजेना असा बघत राहिला. मग रडला.

सासूबाई म्हणाल्या, "नावासाठी मारलंस." मी म्हटलं, टोपीसाठी मारलं. दोघींनाही माहीत होतं.

तिथे गेलो, समुद्र दिसला, बाप भेटला की येईल ताळ्यावर. नवं नाव तिथेच मुरेल. मला आता जायचंय. पहिल्यांदाच वाटतंय तसं.

१४ फेब्रुवारी

कोळशाची पत्र्याची बादली हातातून पडली. अंगणात कुत्रा भुंकायला लागला. तो जमिनीवर पालथा पडून घोडा काढत होता, काढत राहिला.

मागे जाऊन उभी राहिले. तोगोल्दोर म्हटलं. मग एनेबिश म्हटलं. मग ओरडले, सासूबाई गेरमधून धावत आल्या. त्याने घोड्याला शेपूट काढलं.

त्याला ऐकू येत नाही. जोरकस इंजेक्शनांनी कान जातात म्हणतात, त्या चौदा दिवसांपासूनच असणार. आणि मी त्याला मारलं.