मलिद्याचं ताट

गुरुवार, १ नोव्हेंबर १९७९
नेहेमिया आला. पोटचा पोर, पण दहाच मिनिटं बसला. जॅकेटसुद्धा काढलं नाही. बावीस वर्षं पोलिसात काढली, गेल्या साली रिटायर झाला, आता तेल अविवच्या एका पेपरात दर शुक्रवारी चोऱ्यामाऱ्यांवर लिहितो. वस्तीनं पोलिसांना हात कसा द्यावा, तेही लिहितो. हिब्रूत. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही.

“बरी आहेस ना, इमा?” — आहे. “औषध घेतेस?” — घेते. संपलं! निघाला दाराकडे.

तेव्हा माझ्या तोंडून गेलं — मलिद्याचं ताट चोरीला गेलं रे.

वळला. जॅकेट काढलं. वही काढली. दोन तास बसला! कधी गेलं, कुठे ठेवलं होतंस, जिन्यात कोण दिसलं. बापाच्या मयताला एवढं विचारलं नव्हतं. करंज्या पाच खाल्ल्या.

ताट पलंगाखाली आहे. गोधडीत गुंडाळून मीच ठेवलंय. हे वारल्यापासून, सहा वर्षं, या घरात मलिदा नाही. मलिद्याला एलियाहू हन्नाबीचं, आमच्या संदेष्ट्याचं, नाव घ्यायला आम्हा यहुद्यांत दहा पुरुष लागतात. इथे एक येत नाही.

शुक्रवार, ९ नोव्हेंबर
पाझित आली, नेहेमियाची मुलगी. लष्करातून सुट्टीवर. पेपर आणला. अर्धं मराठीत, अर्धं हिब्रूत वाचलं. म्हणे इथे रामल्यात एका म्हातारीचं देवाचं ताट गेलं आणि जिन्यात कुणाला पत्ता नाही! शेजारी शेजाऱ्याचं दार बघत नसेल तर पोलीस कुठे पुरणार?

“सावता, तू फेमस!” म्हणाली — आजीला इथे सावता म्हणतात — आणि गळ्यात पडली.

फेमस म्हणे. नाव छापलं नाही मेल्यानं.

ही वही पाझितच्या शाळेची, अर्धी कोरी राहिलेली. माझं चौथीतलं मराठी अक्षर आमच्यात आता कुणाला वाचता येत नाही. बरंय.

मंगळवार, १३ नोव्हेंबर
खालच्या मजल्यावरचा शमशोन पेझारकर वर आला. पेपर वाचून पेटलाय. राखणीची टोळी काढली — दोघं दोघं, संध्याकाळी सहा ते नऊ, दंडाला पट्टा, हातात बॅटरी. आणि टोळीचा अड्डा कुठे? माझ्या स्वयंपाकघरात! “बाय, चोरी तुमच्याकडे झाली, तर चौकीपण तुमच्याकडेच.”

सोळा कप धुतले. पाठ मोडली. मोडू दे!

गुरुवार, १५ नोव्हेंबर
नेहेमिया पुन्हा आला. तीन तास! टोळीशी मराठीत बोलला. मला वाटलं होतं विसरला. फोटो काढले. शमशोन म्हणतो, “साहेब, ह्याच्यावर बुकच काढा तुम्ही.” — “काढतोय,” म्हणाला.

मी मोजले. बारा पुरुष. मलिदा झाला असता! आणि मी पलंगावर पाय सोडून बसलेली, ताटाच्या वर.

सोमवार, १९ नोव्हेंबर
अबू खलील रॉकेल घेऊन आला. गल्लीत गाडीची घंटा वाजवतो. बाकीच्यांचे डबे खाली भरतो, माझा तेवढा तिसऱ्या मजल्यावर आणून देतो. त्याचं हिब्रू माझ्याइतकंच मोडकं, म्हणून आमचं जमतं. माझ्या गुडघ्याकडे बोट दाखवून विचारतो, कसा आहे? मी म्हणते, मेला. तो हसतो. बारा महिने हेच, तरी हसतो.

आज शमशोन जिन्यात उभा होता. अबू खलील उतरून जाईपर्यंत त्याच्याकडे बघत राहिला.

शुक्रवार, २३ नोव्हेंबर
अबू खलीलला पोलिसांनी नेलं.

वरपर्यंत येणारा परका माणूस तोच एक, असं टोळीनं ठरवलं. अरब, त्यात गाडीत जुनं पितळ सापडलं. अरे, भंगार घेतो तो! गल्लीला ठाऊक आहे. शमशोनच्या बायकोनं स्वतः त्याला फुटका बंब दिलाय.

गाडी नाक्यावर उभी आहे. घंटा कुणीतरी काढून नेली. खरी चोरी ही — पण हिच्यासाठी कुणी वही काढली नाही.

मी बोलले नाही. बोलले तर स्वयंपाकघर पुन्हा रिकामं, हे मनात आलं. त्याचं आधी नाही आलं. माझं आलं. लिहून ठेवते.

रविवार, २५ नोव्हेंबर
चोर सापडला म्हणून टोळीनं मलिदा घातला. माझ्या घरात! शेजारच्या रूतीकडून ताट आणलं. पोहे मी भिजवले, गूळ-खोबरं मी कालवलं. वेलची जास्त पडली. चौदा पुरुष. सहा वर्षांनी भिंतींनी आवाज ऐकला. शमशोन डोळे मिटून म्हणत होता, जसं काही एलियाहू हन्नाबी स्वतः बॅटरी घेऊन फिरला!

सगळे आमेन म्हणाले.

मूठभर मलिदा हातावर पडला तो पदरात बांधला. आता उघडला. मुंग्या लागल्यात.

गुरुवार, २९ नोव्हेंबर
नेहेमिया आला. दार लावून घेतलं आणि ताट त्याच्यापुढे आपटलं.

दचकलासुद्धा नाही. “पहिल्याच दिवशी बघितलं होतं, इमा. गोधडीचं टोक बाहेर आलं होतं. बावीस वर्षं मी काय गवत उपटलं?”

“मग लिहिलंस कशाला?”

“तुझ्याकडे माणसं यायला लागली. नाही आली?”

आली, हे खरंच.

मग खाली मान घालून म्हणाला, “आणि नोकरी सुटल्यावर मला तरी कोण विचारत होतं? ह्या ताटानं लोक विचारायला लागले.”

“आणि अबू खलील?”

“सुटेल. पुरावा नाही. थोडे दिवस जातील.”

“थोडे दिवस तू जा आत!”

“ओरडू नकोस. पुस्तक छापायला गेलंय. तू गप्प राहा, बस.”

बोलताना मान तिरकी करतो, अगदी ह्यांच्यासारखी. मग करंजी मागितली. डबा भरलेला होता. नाही दिली.

गेला तेव्हा पायरी पायरी ऐकत उभी राहिले. तीन मजले.

शुक्रवार, ३० नोव्हेंबर
ताट मांडीवर घेऊन बसने पोलीस ठाण्यात गेले. टेबलाशी पाझितएवढी पोरगी होती. माझ्या मोडक्या हिब्रूत सांगितलं — हे ताट, हे माझंच, चोर नाही, खोटं मी बोलले, रॉकेलवाल्याला सोड. दोनदा सांगावं लागलं. तिनं सगळं लिहून घेतलं.

मग विचारलं, हे आणखी कुणाला ठाऊक होतं?

नेहेमियाचं नाव, बापाच्या नावासकट सांगितलं.