रणधीरचं कथील

धाराशिव, मंगळवार

तीर्थरूप गुंडाप्पामामांना भाचा वैजनाथचा वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा आता रानापर्यंत चालू देतो का, कोंडामामीचा खोकला थांबला का, आणि लंगड्या मेंढीची दोन्ही पिल्लं जगली का, ते कळवा. माझी तब्येत बरी आहे. छातीत तेवढी जळजळ होते, पण ती औषधानं जायची नाही. ती माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. नाव रणधीर, गाव सोनारी.

तीन वर्षं कॉलेजात नेमकं काय करतोस, असं तुम्ही मागं विचारलं होतं. मी एका पांढऱ्या भुकटीवर प्लॅटिनमचे कण पसरवतो, साध्या सूक्ष्मदर्शकालाही न दिसणारे. हे कण एका वायूचा दुसरा वायू करून देतात आणि स्वतः संपत नाहीत. जितके सुटे, तितकं काम जास्त. पण काम चालतं सहाशे अंशांवर, आणि तेवढ्या उष्णतेत ते सरकत सरकत एकमेकांना चिकटतात (चैतातल्या दुपारी तुमची मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून गोळा होतात, तसं). एकदा गोळा झाले की आतले सगळे वाया. आमचे गौरीशंकर सर म्हणाले, सोबत दुसरा धातू घालून बघा. मी म्हणालो, निव्वळ प्लॅटिनमच टिकवून दाखवतो. रणधीरनं मुकाट्यानं कथील घातलं. मामीच्या पितळी पातेल्याला कल्हई करतात ना, तेच कथील. ते भुकटीलाही धरून राहतं आणि प्लॅटिनमच्या मधे मधे बसून त्याला गोळा होऊ देत नाही. हा माणूस माझ्यानंतर दोन वर्षांनी आला, दुपारी डबा खाऊन पंधरा मिनिटं डुलकी काढतो, आणि त्याचे कण टिकतात. सर त्याच्या टेबलापाशी उभे राहून चहा पितात. माझ्यापाशी आले की कप ठेवायला जागा नाही म्हणतात.

मला वाटलं, यात काहीतरी गोम आहे. रणधीरनं नमुना तापवला होता सहाच तास. सहा तास कोणीही टिकेल. म्हणून एका शनिवारी तो गावी गेल्यावर मी त्याच्या बाटलीतून चिमूटभर भुकटी काढली (चोरी म्हणू नका, तपासणी म्हणा), चिनी मातीच्या एका पात्रात त्याची, दुसऱ्यात माझी घातली, पेनानं नावं लिहिली आणि दोन्ही भट्टीत सरकवून सोमवारपर्यंत तापवली. अठ्ठेचाळीस तास. सोमवारी बाहेर काढली तर नावं जळून गेलेली. शाई सहाशे अंशांवर राहत नाही, हे रसायनशास्त्राच्या माणसाला आधी सुचायला पाहिजे होतं. पण डावीकडचं माझं, एवढं मला पक्कं आठवत होतं. त्या आठवणीवर दोन्ही नमुने पुण्याला मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली बघायला पाठवले.

तीन आठवड्यांनी अहवाल आला. माझे कण सुटे सुटे, रणधीरचे गोळे गोळे. मामा, मी विभागात पेढे वाटले. तुम्हाला फोन केला तो त्याच दिवशी. रणधीरलाही पेढा दिला, वर म्हणालो की मनाला लावून घेऊ नकोस. त्यानं पेढा खाल्ला, अहवाल मागून घेतला आणि संध्याकाळी सगळे गेल्यावर माझ्याजवळ येऊन बसला. तुमच्या नमुन्याच्या तक्त्यात एक ओळ आहे, म्हणाला, ती वाचली का. वाचली नव्हती. त्या ओळीत कथील होतं.

म्हणजे डावीकडचं त्याचं होतं. त्यानं इतकंच विचारलं, "सरांना तुम्ही सांगता का? मी न्हाय सांगणार."

ओरडला असता तर बरं झालं असतं. तिसऱ्या दिवशी मी सरांसमोर उभा राहिलो आणि भुकटी, पात्रं, पेढे, सगळं सांगितलं. आता पीएच.डी. गेली असं धरूनच चाललो होतो. सरांनी हातातला कप टेबलावर ठेवला.

"किती तास तापवलं म्हणालास?"

"अठ्ठेचाळीस."

त्यांनी रणधीरला बोलावून घेतलं. विचारल्याशिवाय पुन्हा कुणाच्या बाटलीला हात लावायचा नाही, अशी मला त्याच्यादेखत तंबी दिली. मग पात्रांवर खिळ्यानं आकडे कोरून तेच आम्हा दोघांकडून तीन वेळा करवून घेतलं. तिन्ही वेळा कथलाचे कण जिथल्या तिथं, माझे गोळा. एवढा वेळ तापवायची आपली हिंमत झाली नसती, असं रणधीरच म्हणाला. आता त्याचा निबंध छापून येतोय आणि त्यात दुसरं नाव माझं आहे. तेही त्यानंच घालायला लावलं. असा माणूस शेजारी बसवून कुणी सुखी राहील का, तुम्हीच सांगा.

मामीला नमस्कार, पिल्लांना एकेक थोपटणं.

तुमचा,
वैजनाथ

ता. क. पत्राचं खरं कारण राहिलंच. येरमाळ्याच्या स्टँडवर माझा फोटो टाकून ‘प्लॅटिनम टिकवल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’ असा जो फलक तुम्ही लावलाय, तो रविवारच्या आत उतरवा. रणधीर येडेश्वरीच्या दर्शनाला येतोय आणि जेवायला आपल्याकडंच आहे.

आणखी एक. मामीनं त्याला हुलग्याचं माडगं वाढावं, त्याला लई आवडतं. पण ‘ह्याच्याकडून काहीतरी शीक’ हे त्याच्यासमोर म्हणू नये.

शेवटचं. फलक उतरवायला तुमचं मन होणार नाही, हे मला माहीत आहे. म्हणून सोबत रणधीरचा फोटो पाठवतोय. माझ्या शेजारी चिकटवा. माझ्यापेक्षा थोडा लहान.