आधी हात, मग आभाळ

प्रिय अब्बा,

आज दुपारी तिघा परीक्षकांना तोंडावर ‘नाही’ म्हणून आले. राग अजून उतरलेला नाही! अम्मीला फोन केला तर म्हणते, "तुज्या बापाला सांग. त्यानंच तुला अशी केलीय." म्हणून हे पत्र.

आपल्या आकाशगंगेत तापलेल्या वायूचे ढग आहेत. त्यांची ऊब रेडिओलहरींतून बाहेर पडते आणि उपग्रह ती मोजतो. त्या मोजमापांवरून मी नकाशा केला. त्यात एका कोपऱ्यात फिकट डाग उमटला, जुन्या कुठल्याच नकाशात नसलेला. परीक्षक म्हणाले, यंत्राचा दोष असणार. डाग काढा, पीएचडीवर सही करतो. तपासून न बघताच!

तुम्हाला बोर्लीतल्या त्या गच्च्या आठवतात? कुणी दुबईहून आलं की नवा टीव्ही यायचा आणि पाठोपाठ डिश बसवायला तुम्ही. मी वर यायची ती तुमचं सिग्नल मोजायचं काट्याचं मीटर बघायला. तुम्ही डिशसमोरच्या डबीच्या तोंडाशी तळहात धरायचात, काटा चढायचा. हात काढून डिश मोकळ्या आकाशाकडे केलीत की उतरायचा. खालून लोक ओरडायचे, मॅच सुरू झाली! तुम्ही ढिम्म. "थांबा जरा. पयला हात, मंग आभाळ. मीटर खरा बोलतो का ते तरी बगू दे."

हाताच्या उबेतूनही तशाच लहरी निघतात, हे मला कॉलेजात कळलं. तुम्हाला कोणी सांगितलं होतं?

उपग्रहही तेच करतो, अब्बा. ठाऊक तापमानाची एक वस्तू जवळ ठेवतो आणि आकाशाआधी तिच्याकडे बघतो. त्या सगळ्या नोंदी मी परीक्षेआधीच पुन्हा तपासल्या होत्या, एकूण एक. मीटर खरं बोलत होतं. डाग जागचा हलला नाही.

एक गोष्ट मात्र सलते. हॉस्टेलवर मी सांगायची, वडील इलेक्ट्रॉनिक्सच्या व्यवसायात आहेत. उपग्रहाचं काम मिळाल्याचं कळवलं तेव्हा तुम्ही खो खो हसलात, "म्हंजे तू बी डिशवालीच!" मी रागाने फोन ठेवला. माफी मागायच्या आधीच तुम्ही गेलात. आणि तुम्ही तरी! छातीत दुखतंय हे सांगायचं नाही? लोकांच्या मीटरची एवढी काळजी आणि स्वतःची काहीच नाही?

आज एकाने तिरकसपणे विचारलं, "यंत्र तपासायची ही पद्धत कुठे शिकलात?"

"वडिलांकडे. ते डिश बसवायचे."

तो हसला. हसू दे!

शब्द देते, अब्बा. कुणी मोजून डाग खोटा ठरवला तर मी स्वतः पुसेन. पण नुसत्या सहीसाठी पुसणार नाही, मग ती मिळो न मिळो. आणि प्रबंधाच्या पहिल्या पानावर तुमचं नाव असेल, खाली तुमचा धंदाही, स्पष्ट अक्षरांत.

तुमची डिशवाली,
नसीम