गहू मी भिजवला होता

मी, भामा भगवंतराव बिरादार, वय एकाहत्तर, राहणार नारायणगुडा, हैदराबाद, जामबागेतल्या एका शाळेची निवृत्त मराठी शिक्षिका, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. हे लिही म्हणून मला कोणी भाग पाडलेले नाही. लिहू नका म्हणणारे मात्र दोघे आहेत, त्यांची नावे पुढे येतील. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. माझे वकील व जुने विद्यार्थी प्रशांत म्हणतात, "बाई, कोणाला काय द्यायचं तेवढंच लिहा." ते मी ऐकलेले नाही. माझी सून माधवी हिचे शिक्षण तेलुगू-इंग्रजीत झाले, ती मराठी सावकाश वाचते, म्हणून वाक्ये लहान ठेवते.

१. माझे पती हयात नाहीत. माझा एकुलता मुलगा विकास घशाच्या कॅन्सरने गेला. त्याची पत्नी माधवी, विद्यानगरच्या निवृत्ती सोनकांबळे यांची मुलगी, माझ्याजवळ राहते. नारायणगुड्याचे राहते घर माझ्या स्वकमाईचे आहे. ते आतल्या सामानासह मी माधवीला देते. माझे दीर हिम्मतराव बिरादार व त्यांचा मुलगा उदय यांचा त्यावर काहीही हक्क नाही. लिहू नका म्हणणारे ते हेच दोघे. विकासचे लग्न जातीबाहेरचे म्हणून भाऊजी मांडवात आले नाहीत. ते मी सोडून दिले होते. पुढचे सोडता येत नाही.

२. घराखालचे बेकरीचे दुकान, भट्टी, साचे व पीठ मळायचे यंत्र हेही माधवीचे. दुकान तिने आणि विकासने मिळून काढले. कोंड्यासकट गव्हाच्या पिठाची डबलरोटी, मैदा अजिबात नाही. लोक कौतुक करत आणि पुढच्या वेळी दुसरीकडून मैद्याचीच नेत, कारण आमचा पाव जड व्हायचा आणि खाल्ल्यावर जिभेवर कडवटपणा राहायचा. "सवय होईल त्यांना," विकास म्हणायचा. ती व्हायच्या आत तो आजारी पडला.

३. आता जे लिहिते ते माझी साक्ष समजावी.

उपचारांनी विकासचे तोंड आले. वरणभातही टोचायचा. डॉक्टर म्हणाले, मऊ असेल ते, गिळवेल ते द्या. त्याला हवा होता स्वतःचा पाव. माधवीने तो दुधात कुस्करून दिला. एक घास घेऊन त्याने वाटी सरकवली. "कडू लागतंय गं," म्हणाला. माधवी न्हाणीघरात जाऊन रडली, हे त्याला कळले नाही, मला कळले.

त्या दिवशी मी मटकी निवडत होते. मटकीला मोड आले की ती गोड होते, लवकर शिजते. गव्हाचेही तसेच होत असेल, असे मनात आले. गहू मी भिजवला. माधवीने नाही.

पहिल्या वेळी मी मोड बोटाच्या पेराएवढे वाढू दिले. पाव वरून छान लाल झाला. कापला तर आत चिकट लगदा, सुरीला धरून बसलेला. विकास घसा दुखत असताना हसला. "आई, हा पाव आहे की पोस्टर चिकटवायची खळ?"

भाऊजी तेव्हा घरी आले होते. ते म्हणाले, "वहिनी, गावाकडे खळ्यावर पाऊस पडला त्या वर्षी असाच गहू उगवला होता. पोळी दाताला चिकटायची. शेवटी जनावरांना घातला." ते खोटे बोलत नव्हते. उगवून वाया गेलेला गहू मीही पाहिलेला आहे. पण मोड किती वाढू द्यायचा, हे पावसाला ठरवता येत नाही, मला येत होते.

मग मी दाण्याच्या टोकाला पांढरा ठिपका दिसताच गहू उपसू लागले. सावलीत पंख्याखाली खडखडीत वाळवायचा आणि गिरणीत न्यायचा. गिरणीवाले रफीकभाई दाणे हातात घेऊन म्हणाले, "अम्मा, ये तो उग गए. सच्ची में पीसना क्या?" मी म्हटले, हौ, पीसना.

त्या पिठाला माधवीचे हात लागले. कणीक लवकर सैल पडली, खमीर नेहमीपेक्षा लवकर फुगले, भट्टीत पाव वर आला. आतून मऊ. कडवटपणा जवळजवळ गेलेला, मागे गोडसर चव. दुसऱ्या दिवशीही तो कोरडा पडला नाही. विकासने अख्खा तुकडा खाल्ला आणि माधवीकडे पाहून म्हणाला, "आता जमलं आपल्याला."

त्यानंतर तो तोच पाव खात राहिला. आजार वाढतच होता. संक्रांतीनंतर त्याला पाणीही उतरेना, आणि तो गेला.

४. दहाव्याच्या दिवशी घर भरलेले असताना भाऊजी सर्वांसमोर म्हणाले, "सडका गहू खाऊ घालून माझा पुतण्या घालवला हिने." माधवी लोकांना पाणी देत होती. तिने तांब्या खाली ठेवला व आत गेली. मी तिथेच म्हटले, "भाऊजी, गहू मी भिजवला होता." ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही तिला पाठीशी घालता." तेव्हापासून ती बिरादारांच्या एकाही कार्याला गेलेली नाही. तोंडी सांगितलेले खरे मानले गेले नाही, म्हणून साक्षीदारांसमोर लिहून ठेवते.

५. उदयने याच्या उलट केले. वर्षश्राद्धानंतर तो पाकिटाचा नमुना छापून घेऊन आला. त्यावर विकासचा फोटो, खाली 'कॅन्सरवर गुणकारी'. "काकू, खूप चालेल," म्हणाला. मी विचारले, "मग तो कुठे आहे?" पाकीट मी चुलीत घातले.

एका घरातला बाप म्हणतो पावाने मारले, मुलगा म्हणतो पाव तारतो. दोन्ही खोटे. मोडाने गव्हाचा पाव मऊ झाला, गोड झाला, माझ्या मुलाला गिळता आला. याहून अधिक त्याने काही केले नाही. म्हणून या पावाच्या नावाने रोग बरा होण्याचा दावा कोणीही करू नये, व विकासचा फोटो कोणत्याही मालावर लावू नये.

६. माझा अंत्यविधी माधवीने करावा. भाऊजी आले तर त्यांना बसायला खुर्ची द्यावी. त्यांचे विकासवर प्रेम होते, हे मी नाकारत नाही.

७. परवा मी माधवीला विचारले, "तुला हे काम आवडतं का गं?" ती भांडे पुसता पुसता म्हणाली, "माहीत नाही, आई. भट्टी बंद असली की घरात वास येत नाही. मग ते पुन्हा एकदा गेले असं वाटतं."

म्हणून लिहिते की घर आणि दुकान देताना माझी कोणतीही अट नाही. ती पुन्हा लग्न करील तर ते याच घरातून व्हावे. मी नसले तरी माहेर हेही आहे असे तिने समजावे. घर विकून ती दुसऱ्या गावी गेली तरी माझी हरकत नाही. मी जाईन त्या दिवशी दुकान बंद ठेवावे. दुसऱ्या दिवशी उघडायचे की नाही, ते माधवीने ठरवावे, आणि तिला कोणी कारण विचारू नये.

या मृत्युपत्रावर मी वाचून, समजून, खालील दोघांच्या डोळ्यांदेखत सही केली. त्या दोघांनीही माझ्यासमोर व एकमेकांसमोर सह्या केल्या. यातले काहीही त्यांना मिळायचे नाही. अंमलबजावणी ॲड. प्रशांत यांनी करावी.

सही: भामा भगवंतराव बिरादार

साक्षीदार:
१. एकनाथराव माणिकराव पाटील, शेजारी, नारायणगुडा
२. सय्यद रफीक, पिठाची गिरणी, नारायणगुडा

स्थळ: हैदराबाद
दिनांक: १७ जानेवारी २०२६