तंबूत बरं आहे

२२ मे १९८९

मंजुळाताईस,
गणूचा लांबून नमस्कार, आणि पोरांना पापा.

मी बरा आहे. आईचा गुडघा कसा आहे? हे पत्र आज सुटणाऱ्या माणसाच्या हाती देतोय, म्हणून खरं लिहितो.

जेलात जागा उरली नाही, म्हणून होळीनंतर आम्हा चाळीस जणांना मागच्या मैदानात तंबूत ठेवलंय. संध्याकाळी वारा छान लागतो. दुपार जरा कठीण जाते.

गेल्या मंगळवारी जेलची पाहणी करणाऱ्या सरकारी समितीचे लोक तंबू बघायला आले. एक साहेब म्हणाले, "तंबू स्वस्त पडतो. कैद्यांना आणखी काय पाहिजे?" सोबतच्या बाई म्हणाल्या, "या उन्हात माणूस राहील कसा?" मग त्यांनी मलाच विचारलं. बाजूला जेलर उभे होते, आणि माझी सजेतली सूट त्यांच्या शेऱ्यावर आहे. मी म्हणालो, "बरं आहे बाई."

शेजारीच विठ्ठलवाडीचे भिवाजीकाका तापाने पडलेले. ते नुसते माझ्याकडे बघत राहिले. गुरुवारी दुपारी त्यांना ऊन लागलं. डॉक्टर येईपर्यंत माझ्या मांडीवरच गेले.

तुझ्या मोहन्याहून विठ्ठलवाडी काही लांब नाही. स्टेशनमागे त्यांची मुलगी सरस्वती राहते, तिला जाऊन भेट. तिला आजाराने गेले एवढंच कळवलं असेल. मी काय बोललो ते तिला सांग, माझं नाव लपवू नकोस. ती शिव्या देईल, ऐकून घे.

आईला यातलं काही बोलू नकोस. गणू पक्क्या छपराखाली आहे, एवढंच सांग.

तुझा धाकटा,
गणू