तळ्याचा दक्षिण काठ

शिरड शहापूर, कार्तिक वद्य पंचमी, सन १९४१

खोटे बोललो. दिवेलागणीला देशमुख ओट्यावर येऊन बसले. उद्या पहाटे पाहुण्या साहेबाला शिकारीला न्यायचे आहे. "मास्तर, तुमी रोज तळ्यावर जाता. पाखरं कोणत्या काठाला उतरून राहिली?"

गेल्या वर्षीही असेच विचारले होते. माझ्या नोंदींचा मला अभिमान. वही उघडून जागा, वेळ, सगळे बिनचूक सांगितले. त्यांनी आठ पक्षी पाडले आणि एक चक्रवाक माझ्या ओट्यावर टाकला. "हा तुमचा वाटा. बामणाला चालत न्हाई? मग पूजा करा त्याची!" आणि हसले. त्याची मादी तीन दिवस तळ्यावर ओरडत फिरत होती.

आज मी दक्षिण काठ सांगितला. वरून कोरडा दिसतो, खाली कमरेएवढा गाळ. पोळ्यानंतर तिथे म्हैस रुतली, ती दोर लावून काढावी लागली. वर्षातून एकदा तळ्यावर येणाऱ्या देशमुखांना हे कुठून ठाऊक? "तुमचं बराबर असतंय," म्हणून उठले.

पाखरांसाठी केले म्हणू? मग उत्तरेचा माळ सांगूनही भागले असते. तिथे पक्षी उतरत नाहीत आणि माणूसही रुतत नाही. गाळ मी निवडला. त्या मादीचे ओरडणे कानात होते, हे खरे. पण ते हसणेही होतेच. कदाचित तेच जास्त.

आणि साहेबाने माझे काय बिघडवले?

देशमुखांचे घर चार पावलांवर आहे. सांगून यावे म्हणून दोनदा वहाणा घातल्या. आता काढून ठेवल्या आहेत.